बिनपगारी कॅशियर

बेल्लमपल्लीच्या माणसाला बदलाची भीती वाटू नये, अशी सोय सरकारने पिढ्यान्‌पिढ्या करून ठेवली आहे. इथे माणूस ओसरीवर बसलेला असतो आणि मुलूख त्याच्याखालून सरकत राहतो. जमिनीखाली कोळशाच्या खाणी असल्यामुळे हे वाक्य नुसतं अलंकारिकही नाही. आमचे आजोबा निजामाच्या राज्यात जन्मले आणि आंध्र प्रदेशात रिटायर झाले. मामा आंध्र प्रदेशात बोहल्यावर चढले आणि तेलंगणात आजोबा झाले. घर मात्र कुणीच बदललं नाही. २ जून २०१४ ला राज्य बदललं. ११ ऑक्टोबर २०१६ ला, ऐन दसऱ्याला, जिल्हा बदलला. रात्री आदिलाबाद जिल्ह्यात झोपलेलो आम्ही सकाळी मंचिर्याल जिल्ह्यात उठलो आणि त्याच अंगणात सोनं लुटलं. पुढच्या महिन्यात, ८ नोव्हेंबरला, खिशातल्या नोटा बदलल्या. आणि १ एप्रिल २०१७ ला स्टेट बँक ऑफ हैदराबाद भारतीय स्टेट बँकेत विलीन होऊन गावातल्या कितीतरी जणांची बँकही बसल्या जागी बदलली. तारीख बघून काही जणांना ही कुणीतरी केलेली चेष्टा वाटली होती. पासबुकावरच्या आयएफएससीतलं ‘एसबीएच‌वाय’ जाऊन ‘एसबीआयएन’ आलं, तेव्हा कुठे खात्री पटली.

मराठवाड्यातल्या वाचकांना ही ‘हैदराबाद बँक’ वेगळी सांगायला नको. १९४१ साली निजामाच्या सरकारने ती काढली तेव्हा तिचं नाव हैदराबाद स्टेट बँक होतं आणि तिच्याकडे सांभाळायला संस्थानाचं स्वतःचं नाणं होतं, हाली सिक्का. सात हाली म्हणजे इंग्रजांचे सहा कळदार, असा भाव. माझी आजी राजुऱ्याची. राजुरा आणि किनवट हे तालुके १९५६ पर्यंत आमच्याच आदिलाबाद जिल्ह्यात, त्यामुळे तिकडून सून आणणं म्हणजे शेजारच्या आळीतून आणण्याइतकं सोपं होतं. शाळेचं तोंड न पाहिलेली आजी हालीचे कळदार आणि कळदाराचे हाली बोटांवर करायची. आज तिची पणती अ‍ॅपमध्ये दोन बोटांनी पैसे पाठवते, पण बारा टक्के काढायला दुसरं अ‍ॅप उघडते. असो.

तर अशा सराईत घराण्यात मामांनी जुनी बँक सोडून अ‍ॅपवरच्या बँकेत जायचं ठरवलं, तेव्हा कुणी डोळेही विस्फारले नाहीत. जुन्या बँकेचं नाव मी इथे सांगणार नाही, कारण तिथे आमची एक एफडी अजून आहे. अ‍ॅपचंही नाव सांगणार नाही, कारण ते ऐकत असतं.

आधी जुन्या बँकेबद्दल. बेल्लमपल्ली म्हणजे काझीपेट-बल्लारशा रेल्वेमार्गावरचं, सिंगरेणी कंपनीच्या कोळशावर वाढलेलं गाव. पगाराची तारीख आली की बँकेचा दरवाजा आणि खाणीचं तोंड यात फरक राहत नसे. दोन्हीकडे एक पाळी आत, एक पाळी बाहेर. दसऱ्याच्या आधी कंपनीच्या नफ्यातला कामगारांचा वाटा जमा झाला की मग विचारूच नका. त्या दिवशी रांगेत तेलुगू, हिंदी, उर्दू, गोंडी आणि आमची चांद्याकडची मराठी अशा पाच भाषा ऐकू येत आणि पाचही भाषांत एकच वाक्य असे: ‘ओ भाऊ, मी तुमच्या पुढे होतो.’

आत गेल्यावर दोरीने बांधलेलं पेन असे. त्याची दोरी आखूड असे आणि स्लिपांची पेटी लांब असे, म्हणजे लिहिणाऱ्याला पेनापाशी जावं लागे. पेनाला शाई आहे की नाही हे कळायला स्लिपच्या मागे गोल गोल काढावं लागे. त्या गोलांवरून आपल्या आधी किती जण निराश झाले याचा अंदाज येई. मग पितळी टोकन. ते हातात आलं की माणसाला एक दर्जा मिळे. टोकनवाला बाकावर बसे, बिनटोकनाचा उभा राही. दारात बंदूकवाला गार्ड. त्याची बंदूक चालते की नाही, हा प्रश्न आमच्या लहानपणी क्रिकेटनंतरचा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न होता.

स्लिपवर तेलुगू, हिंदी, इंग्रजी असे, मराठी नसे. खाणीतल्या अनेकांना तर कुठलीच लिपी येत नसे. म्हणून प्रत्येक लाइनीत, म्हणजे क्वार्टरांच्या रांगेत, स्लिप भरून देणारा एक माणूस असायचा. आमच्या लाइनीत माझे वडील होते. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात आमच्या ओसरीवर छोटी शाखाच उघडे. वडिलांना अर्ध्या कॉलनीचा बॅलन्स पाठ होता, पण तो त्यांच्या तोंडून कधी आईलाही कळला नाही. ते रक्कम अक्षरात लिहीत, आकड्यात लिहीत, आणि मग कागद मालकापुढे सरकवत. सही किंवा अंगठा मालकाचा. तिथे वडील मान दुसरीकडे वळवत.

काउंटरवरचे कारकून म्हणजे तर वेगळंच खातं. त्यांना आपल्या पैशाची आपल्यापेक्षा जास्त काळजी. मामा एकदा महिन्यात दुसऱ्यांदा पैसे काढायला गेले, तर कारकून स्लिप हातात धरून म्हणाले, “कालपरवाच नेले ना? आता कशाला पाहिजेत?” मामांनी कारण सांगितलं. कारण कारकुनांना पटलं नाही. मागच्या रांगेलाही पटलं नाही. शेवटी निम्मे पैसे मिळाले आणि उरलेल्यांबद्दल “मामींना पाठवा” असं ठरलं. हे कुठल्याही नियमात बसत नव्हतं. मामा आठवडाभर चिडचिड करत होते, आणि ते निम्मे पैसे वाचले म्हणून मामी आजही त्या कारकुनांना दुवा देतात.

तक्रारी नव्हत्या असं नाही. ‘साहेब रजेवर आहेत’, ‘लिंक नाही’, ‘सही जुळत नाही’ आणि ‘उद्या या’ या चार खांबांवर ती इमारत उभी होती. सही न जुळण्याचा प्रकार तर विशेष. तीस वर्षं जो माणूस रोज रामराम करतो, त्याच्यासमोर उभं राहून आपण आपणच आहोत हे सिद्ध करायचं, आणि त्याने चष्म्यावरून बघत म्हणायचं, “तुम्ही तेच आहात हो, पण सही तुमची नाही.” पुढे पासबुक छापायचं मशीन आलं. ते पासबुक घेई, बराच वेळ विचार करी आणि दुसऱ्याच ओळीवर छापून परत देई. सप्टेंबर २०१५ पासून दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी बँका बंद राहू लागल्या. आता बँकेत जायचं तर पंचांगही बघावं लागे.

अशा वातावरणात हैदराबादहून आमचा भाचा सुट्टीला आला. तो गच्चीबावलीत नोकरी करतो. काय करतो हे त्याने सांगितलं आहे, पण ते घरात अजून कुणाला दुसऱ्याला सांगता आलेलं नाही. तो म्हणाला, “मामा, बँकेत कोण जातं आता? बँक तुमच्या घरी येते.” मामा कोळशात पस्तीस वर्षं काढून बसलेले. घरी येणाऱ्या गोष्टींकडे ते संशयानेच पाहतात. तरी नातवंडांपुढे जुनाट दिसू नये म्हणून हो म्हणाले.

खरं तर ही लाट आमच्या दारात पोचायला वेळच लागला होता. यूपीआय एप्रिल २०१६ मध्ये आलं. नोटाबंदीच्या तारखेवरून नाव घेतलेलं कोटकचं ‘८११’ मार्च २०१७ मध्ये आलं, त्यात किमान शिल्लक ठेवायची अट नव्हती. त्याच वर्षी नोव्हेंबरात स्टेट बँकेचं ‘योनो’ आलं. मग जुपिटर, फाय अशी ग्रहगोलांची आणि विज्ञानकथांची नावं आली. बँकांची नावं पूर्वी गावावरून, प्रांतावरून पडत. बँक ऑफ बडोदा, बँक ऑफ महाराष्ट्र. नावावरून निदान स्टेशन कळे. आता नावावरून ग्रह कळतो.

खातं उघडायला पाच मिनिटं लागतात, असं अ‍ॅप म्हणालं. त्यातली पहिली कितीतरी मिनिटं आम्ही राज्य निवडण्यात घालवली. मामांच्या आधारवर ‘जिल्हा आदिलाबाद, आंध्र प्रदेश’. अ‍ॅपमध्ये बेल्लमपल्लीचा पिनकोड ५०४२५१ टाकला की ते आपणहून ‘मंचिर्याल, तेलंगणा’ म्हणे. दोन्ही खरं होतं, फक्त वेगवेगळ्या वर्षी. मामांनी अ‍ॅपला समजावून सांगायचा प्रयत्न केला: “अरे बाबू, मी हललोच नाही. जिल्हा गेला.” अ‍ॅपने ‘पत्ता जुळत नाही’ असं लाल अक्षरात सांगितलं. जुन्या बँकेत सही जुळत नव्हती, नव्या बँकेत जिल्हा जुळेना. प्रगती म्हणतात ती हीच. चूक पूर्वी आपल्या हाताची असे, आता महसूल खात्याची होती.

पत्ता दुरुस्त झाला आणि व्हिडिओ कॉलची पाळी आली. जानेवारी २०२० मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांना परवानगी दिली, की ग्राहकाला समोर न बोलावता व्हिडिओवर त्याची ओळख पटवून घ्या. बँकेचा माणूस पलीकडून थेट बोलणार, पॅनकार्ड कॅमेऱ्यापुढे धरायचं, फोनने आपण कुठे आहोत ते सांगायचं, आणि समोर जिवंत माणूस आहे, फोटो नव्हे, याचा पुरावा द्यायचा. या प्रसंगासाठी मामांनी इस्त्रीचा सदरा घातला. मामींनी मागच्या भिंतीवरचं कॅलेंडर सरळ केलं. शेजारच्या दोघी बघायला आल्या. भाच्याने सगळ्यांना ताकीद दिली, की कुणी बोलायचं नाही, कारण मागून कुणी उत्तर पुरवतंय असं दिसलं तर कॉल बंद होतो. मामी लग्नापासून मामांना उत्तरं पुरवत आल्या आहेत. त्यांना हा नियम जाचक वाटला.

पलीकडे एक मुलगी आली. हिंदीत अतिशय गोड बोलली. “सर, आप अभी कहाँ हैं?” मामा म्हणाले, “घरी.” मग “बेल्लमपल्ली” म्हणाले. ते तिला ऐकू येईना, मग मामांनी मोठ्याने सांगितलं, मग शेजारच्या दोघींनी सांगितलं, मग नियम मोडला म्हणून कॉल बंद झाला. पुन्हा जुळला तेव्हा कोंबडा आरवला, त्यालाही बाहेर नेलं. शेवटी ती म्हणाली, “सर, अब एक बार पलकें झपकाइए.” मामांनी मोठ्या आज्ञाधारकपणे दोन्ही डोळे मिचकावले. त्या क्षणी दारामागून मामी बाहेर आल्या आणि म्हणाल्या, “परक्या पोरीनं डोळे मारायले सांगतलं अन् तुमी मारले?” कॉल संपेपर्यंत मामा घामाघूम झाले होते. खातं उघडलं. संसाराचं खातं बंद व्हायची वेळ आली होती, पण ते चहावर मिटलं.

आता गंमत सुरू झाली ती यानंतर. पहिले काही आठवडे मामा खूश होते. बॅलन्स बघावा तेव्हा दिसे, म्हणून ते तो सारखा बघत. चहाच्या टपरीवर क्यूआर कोड होता, तिथे पैसे दिले की डबा तेलुगूत मोठ्याने रक्कम सांगे. पूर्वी मामांनी किती चहा प्यायला हे फक्त टपरीवाल्याला माहीत असे. आता ते बसस्टँडला कळू लागलं. देशभर ऑगस्ट २०२५ या एका महिन्यात यूपीआयवर २००० कोटींहून जास्त व्यवहार झाले, असं वाचलं तेव्हा मामांनी आपलाही हातभार लागल्याचं समाधान व्यक्त केलं.

मग एके रात्री ते फोन डोळ्यांपुढे धरून बसलेले दिसले. विजेचं बिल भरत होते. रात्रीचे साडेअकरा वाजले होते.

“झोपा ना मामा.”

“कसा झोपू? डबल होऊन राहिलं का नाही ते पाहू दे. एकदा पैशे गेले म्हणते, एकदा नाही गेले म्हणते. पेंडिंग म्हणते.” मग चष्मा काढून म्हणाले, “मले वाटलं होतं मी रिटायर झालो. हे तर पुन्हा नाईट शिफ्ट लागली!”

या वाक्यात अ‍ॅपवरच्या बँकेचं सगळं अर्थशास्त्र आहे. डिसेंबर २०१९ पासून एनईएफटीसुद्धा चोवीस तास झालं. पैसा झोपत नाही, म्हणून त्याचा मालकही झोपत नाही. भाचा म्हणाला होता, बँक घरी येते. बँक काही घरी आली नाही. आम्ही सगळे बँकेत नोकरीला लागलो. स्लिप आम्ही भरायची, म्हणजे कारकून आम्ही. खातेनंबर दोनदा टाकून तपासायचा, म्हणजे पासिंग ऑफिसर आम्ही. रक्कम आम्ही मोजायची, म्हणजे कॅशियर आम्ही. स्टेटमेंट आम्ही उतरवून घ्यायचं, पासबुकाचं मशीन आम्ही. अनोळखी फोन आला तर संशय घ्यायचा, म्हणजे बंदूकवाला गार्डही आम्ही, बंदुकीशिवाय. आणि एवढं सगळं करून महिन्याअखेर अ‍ॅप विचारणार, “आमची सेवा कशी वाटली?” सेवा आमची होती!

मामा युनियनमधले. सिंगरेणीत १९९८ पासून मान्यताप्राप्त युनियनसाठी कामगारांच्या निवडणुका होत आल्या आहेत आणि मामांनी त्यात झेंडे उचललेले. त्यांनी रीतसर प्रश्न मांडला: “ओव्हरटाइम कोण देते?” कुणीच देत नाही म्हटल्यावर त्यांनी दुसरा प्रश्न विचारला, आणि तो माझ्या मते या विषयातला सर्वांत मोठा प्रश्न आहे.

“यायचं गेट कुठं हाय?”

खाणीवर काही अन्याय झाला की पाळी सुटताना गेटवर मीटिंग होते. नेता बोलतो, साहेब खिडकीतून बघतो, आणि बोलणी सुरू होतात. भांडणाला जागा असली की भांडण मिटायलाही जागा असते. अ‍ॅपला गेट नाही. खिडकी नाही. खिडकीतून बघणारा साहेब नाही. अ‍ॅपमध्ये गप्पांचा एक चौकोन आहे, त्यात मामांनी भाच्याकडून लिहून घेतलं, ‘विजेचं बिल डबल कटलं.’ उत्तर आलं, ‘नमस्कार! मी तुमची कशी मदत करू?’ मामांनी तेच पुन्हा पाठवलं. उत्तर आलं, ‘तुम्हाला विजेचं बिल भरायचं आहे का?’ आणि खाली हिरवं बटण. मामांनी रागाने फोन ठेवला. आयुष्यभर त्यांनी उर्मट साहेब पाहिले, आळशी साहेब पाहिले. इतका नम्र आणि इतका बहिरा साहेब त्यांना पहिल्यांदाच भेटला होता. पैसे आपोआप परत आले, तेही कुणाला न सांगता. मामांना त्याचा आनंद झाला नाही. जिंकल्याची मजा यायला समोर कुणीतरी हरलेलं दिसावं लागतं.

जुने कारकून आमचे पैसे आम्हालाच देताना कां-कूं करत. अ‍ॅपचं उलटं. मामांना दर दोन-चार दिवसांनी निरोप येतो: ‘अभिनंदन! तुमचं कर्ज मंजूर झालं आहे.’ मामांनी कर्ज मागितलेलं नाही. त्यांच्या पेन्शनीत त्याचा हप्ता बसणारही नाही. पण कारण विचारणारं, मामींना पाठवा म्हणणारं तिथे कुणी नाही. एका बटणावर कर्ज, आणि ते बटण ‘नको’ या बटणापेक्षा तिप्पट मोठं.

या सगळ्यात मामांना एकच माणूस मनापासून आवडला. दुपारी फोन आला. “नमस्ते सर, मैं बैंक से बोल रहा हूँ.” आवाज आदबशीर. बोलणारा खराखुरा माणूस. मामांना भरून आलं. इतक्या महिन्यांत बँकेतून पहिल्यांदाच कुणी स्वतःहून फोन केला होता. त्यांनी त्याची चौकशी केली, गाव विचारलं, पगार वेळेवर होतो का विचारलं, युनियन आहे का विचारलं. तो म्हणाला, “सर, ओटीपी बताइए.” मामा म्हणाले, “ते सांगतो, पण आधी ते डबल बिलाचं सांग.” तो चाट पडला. मामांनी विजेच्या बिलाची कथा पहिल्यापासून सुरू केली. त्याने बरंच ऐकून घेतलं, व्यवसायच तसा. मग मामांनी पासबुक छापून मिळेल का विचारलं, एफडीचे व्याजदर विचारले, आणि मध्येच “थांब, मामीले देतो” म्हणाले. तेवढ्यात पलीकडून फोन ठेवला गेला. “बिचारा कंटाळला,” मामा म्हणाले. आम्ही सांगितलं, की तो चोर होता. मामा थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, “मंग बँकेपरीस चोरायची सर्व्हिस बरी हाय. फोन तरी करते.”

नोव्हेंबर उजाडला आणि हयातीच्या दाखल्याचा हंगाम आला. कोळसा खाण कामगारांची पेन्शन योजना १९९८ ची. पेन्शन चालू राहायची तर दरवर्षी आपण जिवंत असल्याचं कळवावं लागतं. पूर्वी त्यासाठी पेन्शनर बँकेत जात. साहेब समोरच्या माणसाशी गप्पा मारत, तब्येत विचारत, आणि मग म्हणत, “बरं, हयातीचा दाखला आणलात का?” नोव्हेंबर २०१४ पासून ‘जीवन प्रमाण’ सुरू झालं, बोट टेकवा आणि हयात व्हा. त्यात खाणीतल्या लोकांची पंचाईत झाली. मामांचे एक जोडीदार आयुष्यभर अंगठा लावत आले. बँकेने त्यांच्या सहीवर कधी शंका घेतली नाही, कारण सही नव्हतीच. आणि आता यंत्र म्हणालं, अंगठा जुळत नाही. दगड-कोळशात बोटांच्या रेषा झिजून गेलेल्या. अंगठ्यावर नोकरी केली, अंगठ्यावर पेन्शन घेतली, आणि शेवटी अंगठ्यानेच साक्ष फिरवली. २०२१ च्या अखेरीस चेहरा दाखवून दाखला द्यायची सोय झाली, तेव्हा ते सुटले. फोनपुढे बसले, डोळे मिचकावले, आणि केंद्र सरकारच्या लेखी आणखी वर्षभर जगले. मामी या वेळी काही बोलल्या नाहीत. सरकारपुढे डोळे मिचकावलेले चालतात.

मामांची शेवटची शंका मात्र हसण्यावारी नेण्यासारखी नव्हती. “मले एवढंच सांग, पैशे हायेत कुठं?” जुन्या बँकेत पैसे कुठे आहेत ते दिसे: कॅशियरच्या मागे, जाड लोखंडी दारापलीकडे. अ‍ॅपचे पैसे फोनमध्ये नसतात, हे मामांना माहीत होतं, कारण फोन पाण्यात पडला तरी ते भिजले नव्हते. मी चौकशी केली. आपल्याकडे रिझर्व्ह बँक नुसत्या अ‍ॅपला बँकेचा परवाना देत नाही. चकचकीत अ‍ॅपच्या मागे कुठली तरी परवानाधारक, इमारतवाली बँक उभी असते. जुपिटर आणि फाय यांनी सुरुवातीला जोडी जमवली ती फेडरल बँकेशी, आणि तिचं मुख्यालय केरळात आळुवाला. म्हणजे बेल्लमपल्लीत मिळालेली कोळशाची पेन्शन बेंगळुरूच्या अ‍ॅपमध्ये दिसणार आणि पेरियार नदीकाठच्या बँकेत झोपणार. मामांनी नकाशा मागवला. अंतर बघून त्यांना बरं वाटलं. चोरांनाही लांब पडेल.

इमारत असली म्हणजे धोका नाही, असंही नाही. सप्टेंबर २०१९ मध्ये पीएमसी बँकेवर निर्बंध आले, तेव्हा भक्कम शाखांबाहेर उभ्या असलेल्या मुंबईकरांना सुरुवातीला फक्त १००० रुपये काढता येत होते. आणि अ‍ॅप घरोघर पोचलं म्हणजे सुरक्षित, असंही नाही; जानेवारी २०२४ मध्ये रिझर्व्ह बँकेने पेटीएम पेमेंट्स बँकेला नव्या ठेवी घेणं थांबवायला सांगितलं आणि १५ मार्चनंतर ते दार बंद झालं. दोन्ही ठिकाणी ठेवीदाराचा आधार एकच, ठेव विमा. एका बँकेत एका माणसाचे व्याजासकट ५ लाखांपर्यंतचे पैसे विम्यात येतात. ही मर्यादा ४ फेब्रुवारी २०२० पासूनची. त्याआधी १ लाखच होती. अ‍ॅप कितीही असोत, विमा मागच्या बँकेच्या हिशोबाने मोजतात. म्हणून अ‍ॅपचा रंग बघण्याआधी सगळ्यात खाली, बारीक अक्षरात, कुठल्या बँकेचं नाव आहे ते वाचावं.

आमच्या घरात आता तह झाला आहे. पेन्शन आणि एफडी इमारतीत, चहा-भाजी आणि विजेचं बिल अ‍ॅपमध्ये. महिन्यातून एकदा मामा शाखेत जातात, टोकन नसलं तरी बाकावर बसतात आणि कुणाशी तरी भांडून ताजेतवाने होऊन येतात. अ‍ॅपने त्यांचा वेळ वाचवला, हे ते कबूल करतात. तो वाचलेला वेळ ते अ‍ॅपमध्ये घालवतात, हे मी सांगतो.

मात्र एक गोष्ट हसण्याच्या बाहेरची आहे. स्लिप भरून देणारी माणसं संपली नाहीत. ती आता घराघरात आहेत. नातू, भाची, शेजारचं पोरगं. “द्या इकडे आजोबा, मी करतो” म्हणून ती फोन हातातून घेतात, पिन विचारतात आणि काम उरकतात. पूर्वीचा मदतनीस आकडे लिहायचा, सही मालकाची असे. आजच्या मदतनिसाकडे आकडेही आहेत आणि सहीही. तेव्हा, वाचकहो, तुमच्या घरात कुणी म्हातारं माणूस या नव्या बँकेत नोकरीला लागलं असेल, तर त्याला कामावरून काढू नका, काम शिकवा. शेजारी बसा, कुठलं बटण ते दाखवा, कर्जाच्या निरोपाला हात न लावता पुढे कसं जायचं ते दाखवा. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही, फक्त द्यायला लागतो, एवढं एक वाक्य पाठ करून घ्या. सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा १९३० हा नंबर फोनमागे कागदावर लिहून चिकटवा. आणि पिन टाकायची वेळ आली, की फोन त्यांच्या हातात देऊन मान दुसरीकडे वळवा.